पाव फेरा

मावशींना संशय यायला कारण लागत नसे, कारण त्या मागाहून शोधत. दूधवाला हसला तर दुधात पाणी, आणि नाही हसला तर पाणी जास्तच, असं त्यांचं सरळ गणित होतं. सून फोनवर बोलायला अंगणात गेली की मावशींना नेमकं खिडकीजवळचं भांडं घासायचं असे. लोक हसत. पण त्या घराचं पोट याच स्वभावावर भरत होतं, हे हसणाऱ्यांना माहीत नव्हतं.

घराच्या खालच्या मजल्यावर सायकलची चाकं बनवण्याचं वर्कशॉप होतं आणि मावशी तिथे चाळीस वर्षं चाकांचा आउट काढत होत्या, म्हणजे डुलणारं चाक सरळ करत होत्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली काका म्हणे, हबमध्ये छत्तीस स्पोक ओवून रिमला अडकवत आणि चाकाचा सांगाडा उभा करत. मग ते चाक मावशींच्या स्टँडवर येई. प्रत्येक स्पोकच्या टोकाला एक छोटी पितळी टोपी असते. ती चावीने पिळली की स्पोक ताणतो, उलटी फिरवली की सैल पडतो. स्पोक रिमला आत ओढतात, रिम दबते पण हटत नाही, आणि ही ओढ आणि तो दाब सारख्याला सारखे भिडले की चाक उभं राहतं. ओढ कमी पडली तर चाक डुलतं. फाजील झाली तर एके दिवशी ओझ्याखाली रिम दुमडते.

हे सगळं मावशी कानाने ठरवत. बोटाने स्पोक छेडायचा, वाजला की ऐकायचं, पाव फेरा पिळायचा, पुन्हा ऐकायचं. छत्तीसच्या छत्तीस एका सुरात बोलले की चाक उतरवायचं. एकदा एक विक्रेता ताण मोजायचं काटेवालं यंत्र दाखवायला आला होता, तेव्हा 'मला देवाने दोन कान दिलेत' असं सांगून मावशींनी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं होतं. एखादा स्पोक सैल वाजला म्हणजे दोष त्याचाच असतो असं नाही, शेजारच्याने जास्त ओढून घेतल्यामुळेही तो सैल पडतो, हे त्या कुणालाही समजावून सांगत. चाकाच्या बाबतीत एवढं कळणारी ही बाई माणसांच्या बाबतीत मात्र जो सैल वाजेल त्याचीच मान धरी. असो.

त्या वर्षी घरात एकेक गोष्ट बिनसू लागली. आधी किटलीची शिट्टी गेली. पाणी उकळून आटायला येई तरी किटली गप्प. सुनेला विचारलं तर ती म्हणे, वाजतेय की. जुनी किटली माहेरी पोचती करून हिने तशीच दिसणारी स्वस्तातली आणून ठेवली, असा मावशींनी निकाल लावला. मग दाराची बेल बिघडली. लोक दार ठोठावत आणि वर आपल्यालाच सांगत की तीनदा बेल दाबली. मग अंगणातल्या चिमण्या गेल्या. मावशींची खुर्ची खिडकीकडे पाठ करून होती, म्हणजे उजेड रिमवर पडे, आणि इतकी वर्षं त्या पाठीमागे चिमण्यांचा कलकलाट ऐकत काम करत आल्या होत्या. तो थांबला. शेजारच्या रंगाऱ्याने नुकतंच मांजर पाळलं होतं, तेव्हा फार लांब जाऊन शोधायची गरज नव्हती. मावशींनी त्या रंगाऱ्याशी बोलणं टाकलं आणि त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं काय चुकलं.

आणि मग चाकं. सकाळी नीट ताणून ठेवलेलं चाक जेवून आल्यावर सैल लागू लागलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपलाच भास. दुसऱ्यांदा वाटलं, स्पोकचा माल हलका आलाय. आठव्या-दहाव्या वेळी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. कुणीतरी आपलं काम बिघडवतंय. आणि कशासाठी, तेही त्यांना लगेच दिसलं. खुर्चीसाठी. मावशींचं काम वाईट ठरवायचं, त्यांना गोड बोलून वर स्वयंपाकघरात बसवायचं आणि खाली एखादं यंत्र आणायचं. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. तेव्हा हे डोकं सुनेचं. मावशी काही बोलल्या नाहीत. त्या फक्त प्रत्येक चाक पाव फेरा जास्त पिळू लागल्या, आणि रोज डोळ्यांत तेल घालून बघू लागल्या.

याच सुमारास सुनेने दोघांना लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट दिली. दर रविवारी सकाळी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, जोडीने करायच्या नाचाचे बारा वर्ग. काका खूश झाले. मावशींनी भेटीचा कागद उलटसुलट करून पाहिला. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं घराबाहेर, आणि वर्कशॉपच्या किल्ल्या हिच्याकडे. यापेक्षा उघड आणखी काय असतं? पण न जावं तर कारण सांगावं लागेल, म्हणून त्या गेल्या.

हॉल मोठा होता, लाकडी जमीन, कोपऱ्यात चादर घातलेला पियानो. शिकवणारी बाई ठेंगणी, झिजलेल्या बुटांची, आणि बोलताना समोरच्याचा हात हातात घेऊन बोलणारी. ती म्हणाली की पावलं पुढे बघू, आधी हात शिका. जवळ आलात की दोघांनी एकमेकांवर सारखं टेकायचं, लांब गेलात की दोघांनी सारखं ओढायचं. एकाने हात मऊ सोडला तर निरोप पोचत नाही, एकाने आवळला तर दुसऱ्याचा तोल जातो. मावशी मनात म्हणाल्या, ही बाई चाकच सांगतेय की. जन्मभर हेच केलंय आपण, यात शिकायचं काय! आणि मग संगीत सुरू झालं आणि ती जन्मभराची जोडी मागे मागे सरकत जाऊन पियानोवर आदळली. मावशी म्हणाल्या, तुम्ही ढिले सोडता. काका म्हणाले, तू रेटतेस. घरी येईपर्यंत दोघं पदपथाच्या दोन कडांनी चालत होते.

सोमवारी सकाळी मावशींनी सुनेकडे नेलपॉलिश मागितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. सुनेने लाल रंगाची बाटली दिली आणि त्या खाली गेल्यावर तोंडावर पदर धरून हसली, कारण तिला वाटलं नाचाचा गुण लागला. मावशींनी मात्र स्टँडवरच्या चाकाच्या प्रत्येक टोपीवर आणि तिला लागून रिमवर असा एकेक लाल ठिपका दिला, अर्धा इकडे अर्धा तिकडे. टोपी हलली तर ठिपका तुटणार. मग त्या जेवायला वर गेल्या आणि एरवीपेक्षा सावकाश जेवल्या.

परत आल्या तेव्हा छत्तीसच्या छत्तीस ठिपके तुटले होते. प्रत्येक टोपी उलटी फिरली होती, बरोबर पाव फेरा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मावशी खुर्चीत बसल्या. सुनेला चावी धरता येत नव्हती. रंगाऱ्याने केलं असतं तर चाक वेडंवाकडं झालं असतं. इतक्या हलक्या, सारख्या हाताने चाक सैल करणारी माणसं या घरात दोनच होती, आणि त्यांतली एक वर जेवत होती. दुसरा माणूस लवकर जेवून 'जरा पाठ टेकतो' म्हणून रोज खाली येत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्यांनी काकांचा कप्पा उघडला. जुन्या वर्तमानपत्राखाली एक नवा डबा होता, आणि डब्यात ते काटेवालं यंत्र. मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. सून परकी, एक वेळ समजू शकतं. पण ज्या माणसाने ओवलेलं चाक चाळीस वर्षं आपण डोळे मिटून हातात घेतलं, त्याने आपल्या पाठीमागे यंत्र आणून ठेवावं? त्यांना रडू आलं नाही. राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती, की उद्या या खुर्चीवरून उठवलं तर आपण नक्की कोण उरतो.

त्यांनी डबा होता तसा ठेवला आणि एक अक्षर काढलं नाही. भांडण करणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, त्या शेराला सव्वाशेर होणाऱ्यातल्या होत्या. दुपारी हे पाव फेरा सैल करणार, तर सकाळी आपण अर्धा फेरा आधीच जास्त पिळून ठेवायचा. मग काका अर्धा सैल करू लागले. मग मावशी पाऊण पिळू लागल्या, आणि रोज प्रत्येक चाकावर लाल ठिपके देऊ लागल्या. तुटेपर्यंत ताणू नये असं म्हणतात, पण म्हणणारी माणसं वेगळी आणि ताणणारी वेगळी.

गुरुवारी काकांची दाढ दुखायला लागली आणि ते दुपारपासून दाताच्या डॉक्टरकडे अडकले. दाढ मावशींना संशयास्पद वाटलीच, पण तेवढ्यात बेकरीचा गाडीवान त्याचं चाक न्यायला आला. पुढे मोठी पेटी लावलेली त्याची सायकल, रोज दोन पोती ओझं. मावशींनी स्टँडवरचं चाक उतरवून त्याला दिलं.

शुक्रवारी सकाळी तो ते चाक खांद्याला लावून परत आला. कोपरावर पट्टी होती. वळणावर गाडी वळवली आणि पुढचं चाक भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं दुमडलं, एवढंच तो म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मावशींनी काकांकडे पाहिलं. काकांनी चाक हातात घेतलं, न दुमडलेल्या बाजूचे दोन स्पोक चिमटीत दाबले, आणि ते मावशींपुढे ठेवलं. स्पोक लोखंडी गजासारखे घट्ट होते. आणि टोप्यांवरचे लाल ठिपके सगळे शाबूत होते. मावशींच्या हातानंतर त्या चाकाला कुणाचाही हात लागला नव्हता.

दुसरं कुणी असतं तर तिथेच खाली बसलं असतं. मावशींच्या मनाने मात्र एक गिरकी घेतली आणि भलतंच दार उघडलं. बरोबर कालच नेमकी दाढ दुखली? मुद्दाम. रोज सैल करणाऱ्याने काल मुद्दाम केलं नाही, म्हणजे पाप आपल्या माथी लागेल. दोन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पण रात्री कूस बदलताना तो पट्टी बांधलेला कोपर पुन्हा पुन्हा समोर येई, आणि तिथे कुठलाही संशय उपयोगी पडत नव्हता.

रविवारी त्या हॉलमध्ये गेल्या, कारण न जाणं म्हणजे कबुली. शिकवणाऱ्या बाईने त्या दिवशी संगीत लावलंच नाही. समोरासमोर उभे राहा म्हणाली, तळहाताला तळहात, डोळे मिटा. जोडीदाराकडून जेवढा दाब येईल तेवढाच परत द्यायचा, कमी नाही, जास्त नाही.

सोपं होतं. काकांचा तळहात कोरडा, ओळखीचा. अगदी थोडा दाब आला, मावशींनी तेवढाच दिला. जरा जास्त आला, त्यांनी तेवढा दिला. मग आणखी आला. हे मुद्दाम वाढवतायत, मावशींच्या मनात आलं, आणि त्यांनी तेवढाच, अगदी तेवढाच, परत केला. मिनिटभरात दोघांचे दंड थरथरत होते आणि काकांचे बूट जमिनीवरून कुरकुरत मागे सरकत होते. बाईने थांबायला सांगितलं. डोळे उघडले तर हॉलभर हीच दशा, आठही जोड्या घामाघूम.

बाईने विचारलं, जास्त कुणी दिला? सोळा बोटं समोरच्याकडे उठली. सगळे हसले, मावशी सोडून. बाई म्हणाली की कुणीच खोटं बोलत नाहीये. आपला जोर आपल्याला कमी वाटतो, समोरच्याचा जास्त, म्हणून परत देताना प्रत्येकाच्या हातून थोडा जास्तच जातो. दोघंही प्रामाणिक, आणि तरी जोडी भिंतीवर आदळते. इथे चोर शोधत बसू नका, फेरा कुठून कुठे फिरतोय ते बघा. आता पुन्हा करा, आणि या वेळी दोघांपैकी एकाने मिळालं त्यापेक्षा कमी द्या.

पुन्हा डोळे मिटले. मावशी वाट बघत राहिल्या की हे कमी करतील. काकांनी केलं. त्यांचा हात हलका झाला, आणि मावशी सवयीने पुढे रेटल्या त्या थेट त्यांच्या छातीवर आपटल्या. काकांनी त्यांना सावरलं.

"चाकाचंही असंच करता तुम्ही," मावशी तिथेच म्हणाल्या. आवाज लहान होता, पण शेजारच्या दोन जोड्यांनी ऐकलं.

काका त्यांना पियानोजवळच्या बाकावर घेऊन गेले. शेजारी गुडघ्यावर हात ठेवून बसले.

"कधीपासून सैल करताय?" मावशींनी विचारलं.

"सात महिने झाले."

"का?"

"तू जास्त पिळतेस म्हणून."

"तुम्ही सैल करता म्हणून पिळते मी."

"आता, हो. पण आधी?" काका म्हणाले. "मी सैल करायला लागलो त्याच्या आधीही तू पिळत होतीस. दर महिन्याला थोडं जास्त. बोटाला लागत होतं मला."

"मी माझ्या कानाला विचारून पिळते. तार मेलेली वाजते, म्हणून पिळते."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे बघत ते म्हणाले, "अगं, किटली वाजते. रोज वाजते."

किटली. दाराची बेल, तीनदा दाबलेली. पाठीमागचं अंगण. त्यांनी सात-आठ महिने जगभर शोधलेले चोर एकेक करून सुटून चालले होते, आणि शेवटी एकच उरला, जो डोक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटलेला होता. माणसांचं बोलणं तो आत सोडत होता, बारीक चढे सूर तेवढे चोरत होता. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू खरं मानलं असतंस?"

मावशींनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"आणि मानलं असतंस तर खुर्चीवरून उठली असतीस. पुन्हा बसली नसतीस. तुझा स्वभाव ठाऊक नाही का मला?" काका म्हणाले. "यंत्र आणलं, पण दाखवायची हिंमत होईना. मला दुसऱ्या कुणाबरोबर चाक करता येत नाही. म्हणून गुपचूप सैल करत राहिलो. वाटलं, एवढ्याने भागेल. तू पिळत गेलीस, मी सोडत गेलो, आणि त्या माणसाचा कोपर फुटला. तो कोपर माझाही आहे."

टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात. त्या दिवशी मावशींना ते जरा उशिराच पटलं, पण पटलं. घरी जाताना त्या काकांच्या बाजूच्या कडेने चालल्या आणि वाटेत एकदाच बोलल्या. डॉक्टर कानाचा बघा, म्हणाल्या, तुमच्या दाढेवाल्याकडे मी जाणार नाही.

सोमवारी नवं चाक घेऊन मावशी स्वतः बेकरीवर गेल्या. गाडीवानाला त्यांनी सांगितलं की स्पोकचा माल चांगला होता, रिमही चांगली होती, जास्त पिळलं ते मी. तो संकोचला आणि म्हणाला, होतं कधी कधी. "होऊ नये," मावशी म्हणाल्या, आणि चाक बसवून, पेटी भरून, त्याने कोपऱ्यापर्यंत चालवून दाखवल्याशिवाय तिथून हलल्या नाहीत.

दुपारी काकांनी स्टँडच्या पलीकडे एक स्टूल ओढलं. मावशी आपल्या खुर्चीत. काका यंत्र लावून आकडा सांगत, मावशी पिळत किंवा सोडत. तुम्ही काटा नीट वाचता कशावरून, असं म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी प्रत्येक आकडा दोनदा सांगायला लावला. दुसऱ्या दिवशी त्या आधी चिमटीने दाबून स्वतः अंदाज सांगू लागल्या, आणि बोटं कानांपेक्षा इमानी निघाली. सून जिन्यात उभी राहून बघत होती. नाचाचे वर्ग तिने का दिले, हे तिला विचारलंच मावशींनी. मला आठवड्यातून एक सकाळ घर शांत हवं होतं, तिने कबूल केलं. म्हणजे काहीतरी होतंच, मावशी म्हणाल्या, आणि त्यांना फार समाधान वाटलं.

लाल ठिपके मात्र त्या देतच राहिल्या. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी. जेवून आल्यावर वाकून बघत, एकेक ठिपका, छत्तीस. एकही तुटलेला नसे. शुक्रवारी त्यांनी बाटली सुनेला परत केली.

त्या दुपारी काम करता करता त्यांनी पलीकडच्या स्टुलाकडे न बघता विचारलं, "चिमण्या आहेत का अजून?"

"आहेत की," काका म्हणाले. "नुसता कलकलाट चाललाय."

आपल्याला बरं वाटावं म्हणून हे असं सांगत असतील, मावशींना वाटलं. त्यांनी चावी खाली ठेवली, उठल्या, आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसल्या. भिंतीवर सात-आठ चिमण्या होत्या. रंगाऱ्याचं मांजर खाली उन्हात झोपलं होतं. चिमण्यांच्या चोची एकसारख्या उघडत होत्या, मिटत होत्या, आणि मावशींना काही ऐकू येत नव्हतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"त्या रंगाऱ्याला उद्या चहाला बोलवा," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची पुन्हा चाकाकडे वळवली.